घाटापुरता दम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राइस मिलच्या भिंतीला लागून एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीने आमच्या जीपचा एअर फिल्टर उघडला तेव्हा आतून ओंजळभर कोंडा निघाला. तो तळहातावर घेऊन त्याने माझ्यापुढे धरला.

"बाई, ही गाडी पेट्रोलवर चालते का कोंड्यावर?"

मी वहीत लिहिलं: एक, फिल्टर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूलमधल्या एका लहान संस्थेत काम करत होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या बायकांच्या गटांची कागदपत्रं करणं, अर्ज पोचवणं, बैठका लावणं, हे माझं काम. याद्या करायची सवय मला शाळेपासून आहे. लग्नात नवऱ्याकडच्या मंडळींनी काय विसरलं याचीही यादी मी केली होती आणि ती पुढे उपयोगी पडली. संस्थेत त्यामुळे गाडीची जबाबदारी माझ्याकडे आली. गाडी एकच, पेट्रोलवरची जुनी जीप. चालवायला एक चालकभाऊ होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना गाडीबद्दल सगळं कळतं असं त्यांचं मत होतं.

कुरखेड्याच्या पुढे घाट लागतो. घाटाच्या वर एका गावात ढीवर समाजातल्या अकरा बायकांच्या गटाला गावतलाव मासेमारीसाठी पाच वर्षांच्या ठेक्याने मिळाला होता. बायकांच्या नावावर तलाव ही त्या भागात नवी गोष्ट होती. शेजारच्या गावातल्या पुरुषांच्या मंडळाला तो हवा होता. ठेक्याची अट सोपी होती: दर पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडलं पाहिजे, आणि ते मत्स्य खात्याच्या तालुक्यातल्या साहेबांनी डोळ्यांनी पाहून पंचनामा केला पाहिजे. लागोपाठ दोन वर्षं बीज पडलं नाही तर तलाव परत.

पहिलं वर्ष आमच्या जीपने घालवलं होतं.

बीज नागभीडच्या पुढच्या एका खासगी केंद्रातून आणायचं होतं. मोठ्या मागणीला ते प्राणवायू भरलेल्या पिशव्या देत. आमची मागणी लहान. आम्हाला जुन्या पद्धतीने उघड्या हंड्यांत न्यावं लागे. हंड्यातल्या पाण्यात जिऱ्याएवढे जीव असतात आणि त्यांना हवा लागते. गाडी धक्के खात चालली तर पाणी हिंदकळतं आणि हवा मिळते. गाडी थांबली की माणसाने हाताने पाणी थापटायचं. तळहात थोडा खोलगट करून, वरच्यावर, सारखं. गटातली सगळ्यात जुनी बाई, जिला आम्ही मावशी म्हणत असू, तिने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "गाडी हालली का गाडी जगवते, थांबली का हात."

पहिल्या वर्षी चार हंडे भरून आम्ही निघालो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर जीपचा दम गेला, रेडिएटरचं पाणी उकळलं आणि आम्ही भर उन्हात दोन तास उभे राहिलो. मावशी आणि तिची सून दोघी थापटत होत्या. मीही थापटलं. हाताला गोळे आले. हंड्यांतलं पाणी तापत गेलं आणि मग हंड्याच्या तोंडाशी पांढरा थर जमला. मावशीने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "आता राहू द्या." साहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, बीज सोडले नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी मे महिन्यातच मी जीप घेऊन मिस्त्रीकडे गेले. दुसरी गाडी घेण्याइतकी संस्था मोठी नव्हती. याच गाडीला घाटापुरता दम आणायचा होता.

मिस्त्री पन्नाशीचा, मूळचा मूलचाच. बापाने मिलची इंजिनं दुरुस्त केली, याने गाड्या. मी सगळं सांगितल्यावर तो बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"आता नव्या गाड्या येऊन राह्यल्या बाई, त्याच्यात पंखा असते. तो इंजिनात हवा कोंबते. याच्यात तसं काई नाई. हे आपल्या दमानं जेवढी हवा ओढते तेवढीच याची ताकद. आपल्या हातात एकच आहे. हवेचा रस्ता साफ करून द्या, आत आलेली हवा बाहेर सांडू देऊ नका, अन् आग टायमावर लावा."

मी ते तीन मुद्दे लिहून घेतले. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं.

"हे का लिहून राह्यल्या?"

"विसरू नये म्हणून."

"मी विसरत नाई."

"मी विसरते," मी म्हटलं. ते खोटं होतं, पण त्यामुळे काम सुरू झालं.

हवेच्या रस्त्यात अडथळे बरेच निघाले. कोंडा तर होताच. शिवाय हवा आत घेणारं तोंड रेडिएटरच्या मागे होतं, म्हणजे इंजिन स्वतःचीच गरम हवा पीत होतं. गरम हवा विरळ असते, असं मिस्त्री म्हणाला. मिलच्या भंगारातून त्याने एक रबरी पाइप आणला आणि तोंड पुढच्या जाळीपर्यंत नेलं. मग हवा जिथून इंजिनात शिरते तिथलं पॅकिंग काढलं. पॅकिंगची कड भोकावर आडवी आली होती, दारात अर्धा पडदा लटकावा तशी. कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीत कोणीतरी घाईत बसवलेलं. त्याने ते ब्लेडने भोकाच्या मापाचं कापलं आणि आतल्या खडबडीत कडा कानसीने आणि पॉलिशपेपरने घासून काढल्या. या घासण्यात त्याने दोन दिवस घातले. बोट घालून पाहायचा आणि पुन्हा घासायचा.

व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते. त्यांना लेप लावून, लाकडी दांडीच्या टोकाला चिकटवून, तो दांडी दोन्ही तळहातांत फिरवत बसे, ताकात रवी फिरवावी तशी. व्हॉल्व्ह बसले की दाब धरतो. दाब आणखी वाढावा म्हणून इंजिनच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, तळ लेथवर किंचित कापायचा होता आणि तशी लेथ चंद्रपूरला होती. मी हेड पोत्यात बांधून एसटीने नेलं. कंडक्टरने विचारलं, "बाई, पोत्यात का आहे?"

"इंजिनचं हेड."

"मंग त्याले खिडकीपाशी बसवा, हवा लागू द्या."

माझं आणि मिस्त्रीचं एकाच गोष्टीवरून वाजलं. तो एका वेळी तीन-चार बदल करे आणि कानाने ठरवे की सुधारलं. मला कोणत्या बदलाने किती सुधारलं हे हवं होतं. चाचणीसाठी चढ हवा, आणि मूलच्या आसपास चढ नाही. चहूकडे धानाच्या बांध्या, सपाट. एकच चढ होता, मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाणारा कच्चा रस्ता. मोरीपासून पाळीच्या माथ्यापर्यंत. मी घड्याळ घेऊन माथ्यावर उभी राहायची, मिस्त्री मोरीशी हात वर करायचा आणि चालकभाऊ गाडी सोडायचे. मागे हंड्यांऐवजी पाण्याने भरलेली पिंपं. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी मिस्त्रीने कुरकुर केली. चौथ्या दिवशी तोच घड्याळ मागायला लागला. पाळीवर म्हशी चारणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, ही जीप वर जाते अन् खाली येते, काई हरवलं का?"

कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, त्याने एक नंबर मोठा घातला. हवा जास्त येत होती तर पेट्रोलही जास्त हवं. सायलेन्सर उघडून काजळी काढली. शेवटी उरलं टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते. ती जराशी लवकर पडली तर ताकद वाढते, फार लवकर पडली तर इंजिन आतून ठोकतं. ते ठोकणं कसं असतं हे ओळखता यावं म्हणून त्याने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर मुद्दाम जास्त फिरवला, मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि चालकभाऊंना पाळ चढायला सांगितली. अर्ध्या चढावर आवाज आला. पत्र्याच्या डब्यात लाखोळीच्या डाळीचे दाणे हलवावेत तसा.

"ऐकलं?" मिस्त्रीने खाली आल्यावर विचारलं.

"ऐकलं."

"हा आवाज आला अन् तसंच दाबत राह्यलं तर पिस्टनले भोक पडते. मंग मले बोलावू नका."

चालकभाऊ म्हणाले, "मले तर ताकदीचा आवाज वाटला."

"म्हणून मी बाईले ऐकवलं," मिस्त्री म्हणाला. त्याने टायमिंग आवाज थांबेपर्यंत मागे घेतलं, आणखी केसभर मागे घेतलं आणि नट आवळला.

जूनच्या शेवटी जीप तीच पाळ तेवढंच वजन घेऊन पूर्वीपेक्षा आठ सेकंद आधी चढत होती. आठ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. लहान चढावर ते फार आहेत.

यानंतर मी माझं काम सुरू केलं. मिस्त्री बोलताना म्हणून गेला होता की वजन कमी करणं ही फुकटची ताकद आहे. ते माझ्या डोक्यात बसलं. जीपमधली प्रत्येक सुटी वस्तू मी मिलच्या काट्यावर ठेवली. मागची जास्तीची सीट, टपावरचं लोखंडी कॅरियर, पाना-पक्कडची पेटी, जुन्या साखळ्या, कोणीतरी टाकलेला नांगराचा फाळ. सगळ्यांची वजनं लिहिली आणि सगळं उतरवलं. जॅक, चाकाचा पाना आणि स्टेपनी ठेवली. माणसांचीही वजनं घ्यायची ठरवलं. चालकभाऊ हसत चढले. मावशी त्या दिवशी संस्थेच्या बैठकीला मूलला आली होती. ती काट्याकडे बघून मागे सरकली.

"मी का धानाचं पोतं आहो?"

"मावशी, सगळ्यांचंच घेतोय."

"घ्या सगळ्याचं. माझं नाई. मी बसल्यावर गाडी आपोआप समजते."

तिचं वजन मी अंदाजाने लिहिलं.

पेट्रोललाही वजन असतं. म्हणून मी टाकी अर्धीच भरायची ठरवली. मूल ते नागभीड, तिथून ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल, वडसा, कुरखेडा, घाट आणि तलाव. अंतर मांडलं, गाडीच्या सरासरीने भागलं. अर्धी टाकी पुरून वर थोडं उरत होतं. परतताना भरायचं. हे कलम मी मिस्त्रीला दाखवलं नाही. ते इंजिनचं नव्हतं, वजनाचं होतं, असं मला वाटलं.

जुलैत दिवस ठरला. साहेब दुपारी तलावावर येणार होते. आम्ही पहाटे मूलहून निघालो. केंद्रावर मावशी आणि तिची सून आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. मावशीने हंड्यांत घालायचं पाणी आधी तोंडात घेऊन थुंकून पाहिलं. चार हंडे मागे बसवले, भोवती ओली गोणपाटं गुंडाळली. सात वाजता निघालो.

वडशापर्यंत सगळं यादीप्रमाणे झालं. गाडी हलकी चालत होती. चालकभाऊ खुशीत होते. वडसा सोडल्यावर मी पेट्रोलचा काटा पाहिला आणि पुन्हा पाहिला. तो असायला हवा होता त्याच्या बराच खाली होता. कारण मला तिथेच बसल्या जागी कळलं. सरासरी मी जुन्या वहीतून घेतली होती. जेट मोठा केल्यावर गाडी जास्त पेट्रोल पिणार हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, तीन पानं आधी. एका पानावरचा मुद्दा दुसऱ्या पानावरच्या गणितात गेला नव्हता.

घाटाआधीच्या पंपावर त्या दिवशी पेट्रोल नव्हतं. पावसाने टँकर अडकला होता. गाडी उभी राहिली तसा मागून थापटण्याचा आवाज सुरू झाला. मावशीने विचारलं, "काऊन थांबली?"

"पेट्रोल पाहतोय."

"पाहा. पण लवकर पाहा."

घाटाच्या पायथ्याशी एका दुकानात बाटल्यांतून सुटं पेट्रोल मिळे. त्यात रॉकेल मिसळलेलं असतं हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. मोटारसायकलवाले तेच भरत आणि धूर काढत पुढे जात. जीपही आधी कितीदा त्याच्यावर चालली होती. आम्ही होत्या तेवढ्या बाटल्या टाकीत ओतल्या आणि निघालो.

पहिल्या वळणावर आवाज आला. डब्यात लाखोळी.

"ऐका ताई," चालकभाऊ म्हणाले, "कशी ओढून राह्यली!"

"गाडी थांबवा."

"आता? चढावर?"

"भाऊ, थांबवा."

त्यांनी थांबवली. हँडब्रेक ओढला आणि चाकाला दगड लावला. मागे थापटणं सुरू झालं, दोन हातांचं, एकमेकांच्या मध्ये पडणारं. मी बॉनेट उघडलं. हेड कापल्याने दाब वाढलेला, ठिणगी आधीच लवकर, आणि त्यात हे रॉकेलचं पेट्रोल, जे दाबाखाली आपण होऊन पेट घेतं. जुन्या ढिल्या इंजिनाला ते चालत होतं. सुधारलेल्याला चालणार नव्हतं. उपाय मला माहीत होता: डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो थोडा मागे फिरवायचा. त्याला दहा नंबरचा पाना लागतो.

पानापेटी मूलला होती. वजन, वहीप्रमाणे, नऊ किलो.

मी नुसती उभी राहिले. मागून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, हे खालचे वर येऊन राह्यले." हंड्यातले जीव तोंड वर काढून हवा घेत होते. मागच्या वर्षी पांढऱ्या थराआधी हेच झालं होतं.

चालकभाऊ माझ्याकडे पाहत होते. मग ते आपल्या सीटपाशी गेले, गादी उचलली आणि खालून फडक्यात गुंडाळलेले तीन पाने काढले.

"हे काय?"

"तुम्ही काट्यावर ठेवले असते," ते म्हणाले. "म्हणून लपवले."

दहा नंबर त्यात होता.

नट सैल केला. मी खूण म्हणून नखाने रेघ ओढली आणि डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. गाडी काढली, पंचवीस पावलं गेली, आवाज पुन्हा. पुन्हा थांबलो, पुन्हा मागे. या वेळी आवाज गेला. त्याबरोबर जोरही गेला, हे पहिल्याच चढावर कळलं. पाळीवर मिळवलेले आठ सेकंद आम्ही परत दिले होते, सगळे नसले तरी बरेच. पण फिल्टर साफ होता, हवा थंड येत होती, व्हॉल्व्ह दाब धरत होते, वजन कमी होतं. मागच्या वर्षी दम गेला ते तिसरं वळण आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ओलांडलं. त्यानंतरची दोन वळणं पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. तापमानाचा काटा लालपट्टीच्या अलीकडे येऊन टेकला. मी त्याच्याकडे बघत होते. चालकभाऊ रस्त्याकडे. मागे इतक्या हळू चालीत पाणी पुरेसं हलत नव्हतं, म्हणून गाडी चालू असतानाही दोघी थापटतच होत्या.

माथा आला. पाणी उकळलं नाही.

तलावावर साहेब मोहाच्या झाडाखाली बसले होते. गटातल्या बाकीच्या बायका आणि शेजारगावच्या मंडळाचे चार-पाच पुरुष उभे होते. ते काय बघायला आले होते ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यातला एक म्हणाला, "यंदा तरी जित्ते आहे का, का मंग सुकट आणली?"

मावशीने हंडे उतरवून ते तलावाच्या कडेच्या पाण्यात गळ्यापर्यंत ठेवले आणि वाटीने थोडं थोडं तलावाचं पाणी आत घालू लागली. साहेबांना दुसऱ्या गावाला जायचं होतं.

"बाई, सोडा ना लवकर. किती वेळ?"

"साहेब, त्याइले नव्या पाण्याचा अदमास घेऊ द्या. तुम्हाले ऊन लागत असन तर सावलीत बसा."

ते पुन्हा झाडाखाली बसले. अर्धा तास गेला. मग मावशीने हंड्यात हात घालून, तलावात घालून, दोन्ही पाणी सारखं वाटल्यावर मान हलवली. साहेबांनी पांढरी थाळी मागितली. पहिल्या हंड्यातलं पाणी थाळीत घेतलं. जिरं हलत होतं, थाळीच्या कडेकडेने. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात तसंच, थोडं मंद. चौथ्या हंड्याच्या थाळीत काही हललं नाही.

तो हंडा मागे उजव्या बाजूला होता. मावशीने तो स्वतः उचलला, पाळीच्या पलीकडे नेऊन जमिनीवर ओतला आणि वर माती लोटली. बाकीचे तीन तलावात आडवे केले. जिवंत बीज खाली जातं, मेलेलं वर तरंगतं. साहेब, मंडळाचे पुरुष, सगळे पाण्याकडे बघत राहिले. वर काही आलं नाही.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, बीज सोडले. मावशीने अंगठा उठवला, मी साक्षीदार म्हणून सही केली. मंडळाचे लोक निघून गेले. जो सुकट म्हणाला होता तो जाताना चालकभाऊंकडून तंबाखू मागून घेऊन गेला.

दोन दिवसांनी मी जीप मिस्त्रीकडे नेली. त्याने डिस्ट्रिब्युटरवरची माझ्या नखाची रेघ पाहिली.

"याले हात कोणी लावला?"

मी सगळं सांगितलं. सुटं पेट्रोल म्हटल्यावर त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"बाई, इतकी वही लिहिली. पेट्रोल कोणतं हे नाई लिहिलं?"

"नाही."

"मीबी विचारलं नाई," तो म्हणाला. "पाळीवर आपण पंपाचं टाकून फिरत होतो." मग, "मेला तो हंडा कोणता?"

"मागचा, उजवीकडचा."

"सायलेन्सरचा पाइप तिकडूनच जाते. टायमिंग मागं घेतलं का धूर जास्त गरम निघते. पत्रा तापला असन." त्याने वाकून खालचा पत्रा हाताने चाचपला, जणू तो अजून गरम असेल. "घाट कोणत्या गिअरात चढली?"

"दुसऱ्या. दोन वळणं पहिल्यात."

"पहिल्यात," तो म्हणाला आणि फडकं उचलून हात पुसू लागला. आठवड्याने त्याने पाइप आणि पत्र्याच्या मध्ये ॲस्बेस्टॉसचा जाड कागद बसवला. मी सांगितलं नव्हतं.

तलाव बायकांकडे राहिला. हिवाळ्यात पहिलं जाळं टाकलं तेव्हा मी गेले होते. रोहू आणि कटला निघाले, तळहाताहून मोठे. मावशीने एक रोहू पळसाच्या पानांत बांधून दिला, मिस्त्रीसाठी. त्याने तो गॅरेजच्या दारात उलगडून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि मिलच्या काट्यावर ठेवून खात्री केली.

पुढच्या जुलैला टाकी पूर्ण भरली, पंपावर, मूलला. पानापेटी जागेवर ठेवली. यादीत पहिली ओळ पेट्रोलची होती. निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्री म्हणाला की तो येतो. घाटात इंजिन कसं बोलतं ते त्याला स्वतः ऐकायचं होतं. माझ्या यादीत एका माणसाचं वजन वाढणार होतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मी काही बोलायच्या आत तो काट्यावर जाऊन उभा राहिला. नागभीडला मी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली.

"मंग धानाचं पोतं भेटलं म्हणा तुमाले."

घाट लागला तेव्हा मिस्त्री मागे हंड्यांच्या मध्ये उकिडवा बसला होता, डोळे मिटून, मान पुढच्या बाजूला वळवून. पहिलं वळण गेलं. लाखोळी नव्हती. दुसरं गेलं. मी आरशातून त्याच्याकडे पाहत होते. मावशीनेही पाहिलं. तिने त्याचं मनगट धरलं आणि हात हंड्यात बुडवला.

"नुसतं ऐकून काय राह्यला भाऊ? थापट."

तो थापटू लागला. आधी चुकीचं, पाणी बाहेर उडवत. सुनेने त्याला तळहात खोलगट करायला शिकवलं. माथा येईपर्यंत त्याने हात बाहेर काढला नाही. कोणता गिअर होता ते या वेळी त्याने विचारलं नाही. मी वहीत लिहून ठेवलं: दुसरा, सगळा घाट.